चिमणराव : छोट्या पडद्यावरचे मराठी कुटुंब

'चिमणराव' ही मुंबई दूरदर्शनवर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसारित झालेली कौटुंबिक विनोदी मालिका. चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) यांच्या कथांवर ती आधारलेली होती. दिलीप प्रभावळकर यांनी चिमणराव, तर बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला.

चिं. वि. हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक. बौद्ध वाङ्मयाच्या या व्यासंगी अभ्यासकाने १९३०च्या दशकात 'चिमणरावांचे चऱ्हाट' लिहून पुण्यातील एका मध्यमवर्गीय गृहस्थास अजरामर केले. आई, पत्नी काऊ, मुले आणि दांडगट नातलग गुंड्याभाऊ असा हा गोतावळा. घरचा कर्ता पुरुष मात्र भित्रा, भोळा आणि आपल्या शहाणपणाविषयी निःशंक!

अमेरिकेत याच प्रकारच्या मालिकांचा सुवर्णकाळ १९५०च्या दशकात होता. त्यांपैकी 'फादर नोज बेस्ट' (१९५४-६०) या मालिकेत रॉबर्ट यंग यांनी रंगविलेला पिता विमा-व्यावसायिक होता आणि मुलांचे पेच तो समजूतदारपणे सोडवीत असे. (आधीच्या नभोवाणी-मालिकेच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होते, हे मोठे सूचक.) चिमणरावांच्या घरी मात्र पेच निर्माण करण्याचे काम वडीलच करतात. ज्या काळात वडिलांपुढे मान वर करण्याची सोय नव्हती, त्या काळात चिं. विं.नी कुटुंबप्रमुखाच्या तोंडूनच त्याची फजिती वदवून घेतली. यातच या विनोदाचे धाडस आहे, आणि तो कोणास बोचत नाही ही त्याची किमया.

हे आत्मनिवेदन पडद्यावर आणणे सोपे नव्हते. पुस्तकात चिमणराव स्वतःची फजिती पराक्रमाच्या थाटात सांगतात. मालिकेत निवेदनाचा तो आधार अपुरा पडतो. तेव्हा तिशीत असलेल्या प्रभावळकरांनी ती उणीव भाबड्या चेहऱ्याने आणि अडखळत्या आत्मविश्वासाने भरून काढली. शेजारी कर्वे यांचा भारदस्त गुंड्याभाऊ उभा राहिला, की संवादापूर्वीच हसू फुटे.

ही जोडी पडद्यास नवी नव्हती. मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावे करून' (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ती साकारली होती. तरीही नंतरच्या पिढीस चिमणराव म्हटले, की प्रभावळकरच आठवतात.

अर्थात, ही पिढी प्रामुख्याने मुंबई-पुण्याची. त्या वर्षांत दूरचित्रवाणी संच शहरातही मोजक्या घरी असे, आणि सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरसारख्या गावातील वाचकास चिमणराव भेटले ते आधी छापील पानांतून. मालिकेच्या यशानंतर १९७९मध्ये याच दोघांना घेऊन 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट निघाला. बाळ कर्वे यांचे ऑगस्ट २०२५मध्ये निधन झाले, तेव्हा श्रद्धांजलीपर लेखांत त्यांच्या नावाच्या जोडीने गुंड्याभाऊचेही नाव छापून आले.