गृहसंगणकांचा खासगी संग्रह : काय जपावे, कसे जपावे

एका कुटुंबाने घरी वापरावा या हेतूने तयार झालेला लहान संगणक म्हणजे गृहसंगणक. १९७७ साली अमेरिकेत अ‍ॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही यंत्रे बाजारात आली, तेव्हापासून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. त्यानंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम व बीबीसी मायक्रो आणि अमेरिकेत कमोडोर ६४ यांचा लाखोंनी खप झाला. त्या देशांत आज या यंत्रांची संग्रहालये आहेत. घरात जुने-नवे संगणक एकत्र जपणारे हौशी संग्राहकही पुष्कळ आहेत. भारतात असे संगणक मुळातच थोडे होते आणि त्यांतले बरेचसे भंगारात गेले. उरलेले कोणाच्या तरी माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत पडून आहेत. या काळाची वस्तुरूप साक्ष टिकवण्याची जबाबदारी त्यामुळे येथे बहुतांशी खासगी संग्रहांवरच येते.

पुण्यात तयार झालेला स्पेक्ट्रम

झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये सादर झाला. ४८ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १७५ पौंड होती. त्याला स्वतंत्र पडदा नव्हता. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा. आज्ञावली साध्या ध्वनिफितीवर साठवली जाई आणि टेपरेकॉर्डरवरून यंत्रात चढवण्यास सुमारे पाच मिनिटे लागत.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यातील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन याच यंत्राची भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने बाजारात आणली. मराठी मुलखात तयार झालेला गृहसंगणक म्हणून संग्राहकाच्या दृष्टीने या यंत्राचे मोल वेगळे आहे. परदेशी स्पेक्ट्रम आजही सहज विकत मिळतात. पुण्याचा मात्र क्वचितच दृष्टीस पडतो.

दुसरे महत्त्वाचे यंत्र शाळांतून आले. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शालेय संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रोची निवड केली. पंजाबातील मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने मूळ ब्रिटिश उत्पादकाच्या परवान्याने हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार केले. त्या पिढीतील अनेक विद्यार्थ्यांनी ‘बेसिक’ भाषेतील पहिली ओळ याच कळफलकावर लिहिली.

गोव्याच्या घरांत काय सापडू शकते

गोव्यातील संग्रहाला आणखी काही धागे आहेत. शतक पालटण्याच्या सुमारास ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी उपक्रमाने परदेशातील वापरलेले संगणक मिळवून, त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून ते शाळांना दिले. नंतर राज्य शासनाच्या सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले. ही यंत्रे दिसायला सामान्य आहेत आणि वयानेही फार जुनी नाहीत. म्हणूनच ती सर्वांत आधी फेकली जातात. राज्याच्या संगणकीकरणाचा इतिहास सांगणारी वस्तू म्हणून त्यांतले एखादे तरी जपण्याजोगे आहे.

आखातातून परतलेल्या कुटुंबांच्या सामानात ‘सख्र’ हा संगणक असण्याचीही शक्यता आहे. कुवेतमधील कंपनीने विकलेल्या या यंत्राच्या कळांवर अरबी अक्षरे असतात.

जुन्या यंत्रांशेजारी आजचे गृहसंगणक ठेवल्यास संग्रहाला अर्थ येतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या ३५ डॉलरच्या संगणकाच्या आवृत्त्यांना ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावे बीबीसी मायक्रोवरूनच देण्यात आली. २०२० मधील ‘पाय ४००’ तर स्पेक्ट्रमप्रमाणेच कळफलकाच्या आत सामावलेला आहे.

यंत्र राहिले, मजकूर गेला

संग्रहात यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मजकुराला आहे. स्पेक्ट्रमवर वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हे घडवता येत, प्रत्येक चिन्ह ८ गुणिले ८ ठिपक्यांचे. देवनागरीची मुळाक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरे एवढ्यात बसणे अशक्यच होते. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले संशोधन पुढे नेऊन ‘जिस्ट’ कार्ड उपलब्ध केले. ते बसवल्यावर साध्या डॉस संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटू लागली. हा मजकूर ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीत साठवला जाई. १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली.

विंडोजच्या काळात श्री-लिपी, आकृती यांसारख्या अक्षरसंचांनी मराठी छपाईचे जग बदलले. मात्र प्रत्येक संचाची संकेतरचना निराळी होती. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे कितीतरी मराठी लेखन, मग ते दिवाळी अंकाचे असो, सहकारी सोसायटीच्या इतिवृत्ताचे असो किंवा एखाद्या शिक्षकाच्या कवितांचे, याच अवस्थेत आहे. मूळ अक्षरसंच नसेल तर आजच्या संगणकावर त्या फायली अर्थहीन चिन्हांच्या रांगा होऊन उघडतात. जुना संगणक भंगारात देताना त्याच्या हार्ड डिस्कवरील अक्षरसंचही जातात आणि कपाटातल्या फ्लॉपी कुलूपबंद होतात. म्हणून यंत्र ठेवणे शक्य नसले, तरी अक्षरसंच, त्यांची स्थापना-डिस्क आणि फायली यांची प्रत आधी काढून घ्यावी. संकेतांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. पण मूळ फाइल हाती असेल तरच त्यांचा उपयोग.

कोकणची दमट हवा, सीमाभागाची कोरडी झळ

मराठी भाषकांची घरे अगदी भिन्न हवामानांत आहेत आणि संग्रहाची निगाही त्यानुसार बदलते. गोव्यात व कोकणात पावसाळ्यातील दमटपणा हा मुख्य शत्रू. ध्वनिफिती आणि फ्लॉपी यांवर बुरशी धरते, जोडण्यांवर गंज चढतो. बुरशी दिसणारी फ्लॉपी तशीच चालवू नये. वाचणारे शीर्ष खराब होते आणि बुरशी पुढच्या फ्लॉपीला लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवणे हा सोपा उपाय. पुड्या दर पावसाळ्यापूर्वी बदलाव्यात.

याउलट मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यातील मोहगावसारख्या मराठीभाषक गावात, उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे पत्र्याखालचा किंवा कौलांखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा ठरते. स्पेक्ट्रमच्या कळांखालचा पातळ प्लास्टिक पडदा वयाने आधीच ठिसूळ झालेला असतो. उष्णतेने तो लवकर तडकतो. उन्हामुळे खोक्यांचे प्लास्टिकही पिवळे पडते. घरातील आतली, उजेड न येणारी खोली दोन्ही प्रदेशांत योग्य.

वीज जोडण्यापूर्वी

वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक थेट प्लगला लावणे ही नवख्या संग्राहकाची नेहमीची चूक. पुढील बाबी आधी तपासाव्यात.

१. विद्युतदाब : अमेरिकेतून आलेली बरीच यंत्रे १२० व्होल्टची असतात. आपल्याकडील २३० व्होल्टवर ती जळतात. त्यांना दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

२. अ‍ॅडॉप्टर : स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मधला बिंदू ऋण असतो, तर आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये तो धन असतो. उलट जोडणी यंत्र निकामी करते. कमोडोर ६४ चा मूळ वीजपुरवठा बिघडल्यास जादा दाब सोडून आतील चिप जाळतो. तो बदललेला बरा.

३. कपॅसिटर : बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील जुने कागदी कपॅसिटर तडकतात आणि वीज मिळताच धूर सोडतात. जाणत्या तंत्रज्ञाकडून ते आधीच बदलून घ्यावेत.

४. बॅटरी : १९८० च्या दशकाअखेरच्या अनेक पीसींच्या मुख्य पाटीवर निकेल-कॅडमियमची बॅटरी डकवलेली असते. तिची गळती तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. यंत्र चालवायचे नसले, तरी ही बॅटरी काढावी.

ध्वनिफितींवरील आज्ञावली टेपरेकॉर्डरमधून आजच्या संगणकात ध्वनिफाइल म्हणून उतरवता येतात. फ्लॉपीसाठी जुना ड्राइव्ह यूएसबीला जोडणारी ग्रीझवेझलसारखी छोटी पाटी मिळते. अशी प्रत हाती आली की मूळ यंत्र न चालवताही अनुकारी सॉफ्टवेअरवर ती उघडता येते.

नोंदवही आणि वारसा

प्रत्येक वस्तूसोबत तिचा अनुक्रमांक, ती कोणाकडून व केव्हा मिळाली, कोणी कशासाठी वापरली आणि कोणती दुरुस्ती झाली, एवढी नोंद असावी. मार्गदर्शक पुस्तिका, पावती, खोके, हाताने लिहिलेल्या फितींची लेबले हीही संग्रहाचीच अंगे आहेत. पुण्याच्या स्पेक्ट्रमची जुनी पावती त्या यंत्राइतकीच दुर्मीळ असू शकते.

जे ठेवायचे नाही ते कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे जाणे अपेक्षित आहे. त्यापूर्वी हार्ड डिस्क आणि फ्लॉपी बाजूला काढून त्यांवर काय आहे ते पाहावे. संग्राहकाने आपल्यामागे संग्रह कोणाकडे जावा, हेही नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. अन्यथा घर रिकामे करताना कुटुंबीयांना ती यंत्रे केवळ जुने प्लास्टिक वाटतात.