परिचारिका व प्रसाविकांचे पुनर्प्रमाणन (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये परिचारिका किंवा प्रसाविका म्हणून नोंदवहीत नाव टिकवायचे, तर दर 3 वर्षांनी पुनर्प्रमाणन करावे लागते. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने ही पद्धत एप्रिल 2016 पासून लागू केली. मुदतीत किमान 450 तास व्यवसाय केलेला असावा लागतो. दोन्ही नोंदण्या असतील तर 900. शिवाय 35 तासांचे निरंतर शिक्षण, त्यातले 20 तास इतरांसोबत. नुसती जर्नले वाचून हा हिशेब पुरा होत नाही.

खरा कस लागतो तो लेखनात. रुग्ण, सहकारी, विद्यार्थी यांच्याकडून आलेले 5 अभिप्राय जमवायचे, 5 चिंतनपर टिपणे लिहायची आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीधारकाशी चर्चा करायची. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणताना पथक कुठे अडखळले, त्यानंतर कामात काय बदलले, हे मोकळेपणाने लिहिता येते. मात्र रुग्णाची ओळख पटेल असा तपशील चालत नाही. शेवटी, बहुधा वरिष्ठांकडून, पूर्ततेची खातरजमा होते.

परीक्षा नाही, गुण नाहीत. भारतात शिकून तिथे नोंदलेल्या परिचारिकांनाही हेच नियम लागू आहेत.