होबार्ट आणि लखनौ : एक चषक, दोन पिढ्या

(१)
१८ डिसेंबर २०१६. लखनौच्या मेजर ध्यानचंद स्टेडियममध्ये भारताच्या २१ वर्षांखालील हॉकी संघाने बेल्जियमचा २-१ असा पराभव करून ज्युनिअर विश्वचषक जिंकला. १९७९ पासून खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेत यजमान देशाने विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. भारताने हा चषक त्यापूर्वी एकदाच जिंकला होता, १५ वर्षांआधी, ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे.

(२)
या दोन विजयांचे पुढचे प्रवास मात्र अगदी निराळे आहेत. होबार्टनंतर सात वर्षांनी भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकसाठी पात्रही ठरला नाही. लखनौनंतर पाच वर्षांनी भारताने ऑलिंपिक पदकाचा ४१ वर्षांचा दुष्काळ संपवला. दोन्ही पिढ्या आपापल्या वयोगटात जगज्जेत्या होत्या. मग एकीचे पीक वाळले आणि दुसरीचे घरात आले, असे का घडले? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

(३)
आधी स्पर्धेविषयी थोडे. पहिला ज्युनिअर विश्वचषक १९७९ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे झाला आणि तो पाकिस्तानने जिंकला. त्यानंतर १९८२, १९८५, १९८९ आणि १९९३ असे सलग चार चषक जर्मनांनी नेले. १९९७ मध्ये इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे भारत अंतिम फेरीत पोहोचला, पण ऑस्ट्रेलियाने त्याला ३-२ असे हरवले. चषक हातातून निसटल्याची ती चुटपुट चार वर्षे टिकली.

(४)
ऑक्टोबर २००१ मध्ये होबार्टच्या अंतिम सामन्यात तिचे पुरेपूर उट्टे निघाले. गगन अजित सिंगच्या नेतृत्वाखाली भारताने अर्जेंटिनाला ६-१ असे अक्षरशः लोळवले. गगन अजित, दीपक ठाकूर आणि प्रभज्योत सिंग हे आघाडीचे त्रिकूट, आणि पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिकचा जबरदस्त फटका मारणारा जुगराज सिंग. भारतीय हॉकीला वर्षानुवर्षे सतावणारे दोन प्रश्न, गोल कोण करणार आणि पेनल्टी कॉर्नर कोण मारणार, एकाच संघाने सोडवल्यासारखे वाटले.

(५)
प्रशिक्षक राजिंदर सिंग यांच्या या मुलांना वरिष्ठ संघाची दारे लवकर उघडली. सुरुवातीचे यशही मिळाले. २००३ मध्ये क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून प्रथमच आशिया चषक जिंकला. परंतु त्या आनंदाला एक काळी किनार होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुगराज मोटार अपघातात गंभीर जखमी झाला आणि ऐन विशीत त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. त्याच्या जागी उभे करावे असे दुसरे नाव तयार नव्हते.

(६)
अपघात हे दुर्दैव होते, पण बाकीचे सारे दुर्दैवाच्या खात्यावर टाकता येत नाही. २००२ च्या विश्वचषकात, स्पर्धा चालू असतानाच, प्रशिक्षक सेड्रिक डिसूझा यांना दूर करण्यात आले. भारत दहावा आला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला अवघे काही आठवडे उरले असताना राजिंदर सिंग यांनाही हटवून जर्मनीचे गेऱ्हार्ड राख यांना आणले गेले. भारत सातवा आला. २००६ च्या विश्वचषकात तो अकराव्या स्थानावर घसरला.

(७)
होबार्टचे खेळाडू तेव्हा पंचविशीत होते. हॉकीपटूच्या आयुष्यातील हा भर उमेदीचा काळ. याच वयात त्याला स्थिर प्रशिक्षण, जगातील उत्तम संघांविरुद्ध भरपूर सामने आणि दुखापतीनंतर शास्त्रशुद्ध उपचार लागतात. देशांतर्गत व्यावसायिक स्वरूपाची प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली ती होबार्टनंतर चौथ्या वर्षी, २००५ मध्ये, आणि २००८ मध्ये ती गुंडाळलीही गेली. विश्वविजेत्या मुलांना घासूनपुसून घेणारी यंत्रणाच जागेवर नव्हती.

(८)
मार्च २००८ मध्ये चिलीची राजधानी सांतियागो येथे ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली. भारताचा कर्णधार होता होबार्टच्या त्रिकुटातला प्रभज्योत सिंग आणि प्रशिक्षक होते मुंबईचे माजी ऑलिंपियन जोकिम कार्व्हालो. निर्णायक सामन्यात ग्रेट ब्रिटनने भारताला २-० असे हरवले. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हॉकी खेळलेला भारत बीजिंगला जाऊ शकला नाही. कार्व्हालो यांनी पद सोडले.

(९)
पुढच्याच महिन्यात भारतीय हॉकी महासंघाच्या सचिवावर संघनिवडीसाठी पैसे स्वीकारल्याचा आरोप दूरचित्रवाणीवरील छुप्या चित्रणातून झाला. त्यानंतर भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघ निलंबित केला. १९९४ पासून अध्यक्षपदी असलेल्या के. पी. एस. गिल यांची राजवट अशी संपुष्टात आली. २००९ मध्ये 'हॉकी इंडिया' ही नवी संघटना उभी राहिली. तिला वारशात मिळाले ते रिकामे कोठार होते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १२ संघांत भारत बारावा आला.

(१०)
ज्युनिअर संघाची गतही वेगळी नव्हती. २००५ च्या रॉटरडॅम विश्वचषकात कांस्यपदकाच्या लढतीत भारत स्पेनकडून पेनल्टी स्ट्रोक्सवर हरला. त्या संघाचे प्रशिक्षक होते बिहारचे हरेंद्र सिंग. २०१३ मध्ये तर स्पर्धा नवी दिल्लीत असूनही भारत दहावा आला. म्हणून २०१६ चे यजमानपद पुन्हा मिळाले तेव्हा आशेइतकीच धास्तीही होती. संघाची सूत्रे होती त्याच हरेंद्र सिंग यांच्याकडे.

(११)
दरम्यान दोन गोष्टी बदलल्या होत्या. पहिली म्हणजे अकादमी. जालंधरच्या सुरजित हॉकी अकादमीसारख्या संस्थांतून मुले कोवळ्या वयातच कृत्रिम हिरवळीवर खेळायला शिकत होती. दुसरी म्हणजे २०१३ साली सुरू झालेली हॉकी इंडिया लीग. मनदीप सिंग पहिल्याच हंगामात रांची संघाकडून चमकला. ड्रॅग-फ्लिकर हरमनप्रीत सिंग 'दबंग मुंबई'कडून खेळला. विशीच्या आतली मुले जर्मन, डच आणि ऑस्ट्रेलियन ऑलिंपियनांच्या बरोबरीने आणि त्यांच्या विरुद्धही मैदानात उतरू लागली. परदेशी खेळाडूंच्या नावाचा दबदबा त्यामुळे ओसरला.

(१२)
लखनौचा संघ देशाच्या अनेक कोपऱ्यांतून आला होता. कर्णधार हरजीत सिंग पंजाबमधील कुराळीचा, ट्रकचालकाचा मुलगा. उपकर्णधार दिप्सन तिर्की ओडिशाच्या सुंदरगढचा, नीलकांत शर्मा मणिपूरचा, सुमित हरियाणातील सोनिपतजवळच्या कुराड गावचा, अरमान कुरेशी ग्वाल्हेरचा. हरमनप्रीत त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक खेळून आला होता, तर मनदीपच्या गाठीशी २०१४ च्या वरिष्ठ विश्वचषकाचा अनुभव होता.

(१३)
साखळीत भारताने कॅनडाला ४-०, इंग्लंडला ५-३ आणि दक्षिण आफ्रिकेला २-१ असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत समोर स्पेन, म्हणजे रॉटरडॅमला कांस्य हिरावून नेणारा प्रतिस्पर्धी. स्पेनने आधी गोल केला आणि ७० मिनिटांच्या सामन्यातील ५६ मिनिटे उलटली तरी तो फिटला नव्हता. ५७ व्या मिनिटाला सिमरनजीत सिंगने बरोबरी साधली, ६६ व्या मिनिटाला हरमनप्रीतने विजयी गोल केला. हातातून जाऊ लागलेला सामना भारताने शेवटच्या टप्प्यात खेचून आणला.

(१४)
उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाशी २-२ अशी बरोबरी झाली आणि निकाल शूटआउटवर गेला. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. २००५ मध्ये बरोबरी सुटत असे ती पेनल्टी स्ट्रोकने, म्हणजे ठरावीक जागेवरून थेट फटका. शूटआउटमध्ये खेळाडू २३ मीटर रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि गोलरक्षकाला चकवायला त्याच्याकडे फक्त आठ सेकंद असतात. गोलरक्षकाच्या धिटाईचा इथे कस लागतो. विकास दहियाने दोन प्रयत्न अडवले. भारत ४-२ ने जिंकून अंतिम फेरीत गेला.

(१५)
अंतिम सामन्यात आठव्या मिनिटाला गुरजंत सिंगने आणि बाविसाव्या मिनिटाला सिमरनजीतने गोल केले. बेल्जियमचा एकमेव गोल अगदी शेवटच्या, सत्तराव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर आला. तोवर स्टेडियममधील जल्लोष सुरू झाला होता. रॉटरडॅमचे शल्य अकरा वर्षे उरात बाळगणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती अखेर विश्वचषक आला.

(१६)
होबार्टनंतरही असाच जल्लोष झाला होता. म्हणून लखनौचे खरे मोजमाप पुढच्या वर्षांत करावे लागते. त्या १८ जणांपैकी हरमनप्रीत, मनदीप, गुरजंत, सिमरनजीत, सुमित, नीलकांत आणि वरुण कुमार हे सात जण टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. कृष्ण बहादूर पाठक राखीव गोलरक्षक म्हणून संघाबरोबर होता.

(१७)
यातील सिमरनजीत आणि वरुण हे मुळात राखीव खेळाडू. कोरोनाकाळातील विशेष सवलतीमुळे राखीव खेळाडूंनाही सामन्यांत उतरवता आले. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कांस्यपदकाच्या लढतीत भारत जर्मनीविरुद्ध १-३ असा मागे पडला आणि तेथून ५-४ असा जिंकला. त्या पाचांपैकी दोन गोल सिमरनजीतचे होते. १९८० च्या मॉस्कोनंतरचे हे भारताचे पहिले ऑलिंपिक हॉकी पदक. राखीव बाकावरचा खेळाडूही विश्वविजेता असणे, याला संघाची खोली म्हणतात. जुगराजच्या अपघातानंतर भारताकडे नेमकी हीच खोली नव्हती.

(१८)
मग दुसऱ्या पिढीला प्रशिक्षकांचे स्थैर्य लाभले काय? तसे म्हणता येत नाही. रोलंट ओल्टमन्स २०१७ मध्ये गेले, श्योर्ड मारिने आले आणि गेले. स्वतः हरेंद्र सिंग २०१८ मध्ये वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक झाले आणि भुवनेश्वरच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून १-२ ने हरल्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये त्यांनाही पद गमवावे लागले. पुढे ग्रॅहम रीड आले. खुर्ची पूर्वीसारखीच डळमळीत होती.

(१९)
फरक होता तो खुर्चीखालच्या जमिनीत. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले. बंगळुरूच्या क्रीडा प्राधिकरण केंद्रात मोठ्या गटाची दीर्घ शिबिरे होत राहिली; २०२० च्या टाळेबंदीतही संघ तेथेच एकत्र होता. प्रशिक्षक बदलला तरी खेळाडूंचा गट, व्यायामाची शिस्त आणि सामन्यांचे वेळापत्रक टिकून राहिले. होबार्टच्या मुलांकडे गुणवत्ता कमी नव्हती. त्यांच्या पायाखाली ही जमीन नव्हती.

(२०)
पराभूत बेल्जियमकडे पाहिले की हेच अधिक स्पष्ट होते. त्यांचा वरिष्ठ संघ रिओमध्ये रौप्यविजेता होता. पुढे तो २०१८ मध्ये विश्वविजेता झाला आणि टोकियोच्या उपांत्य फेरीत भारताला ५-२ असे हरवून सुवर्णपदकापर्यंत गेला. त्या सुवर्णविजेत्या संघात लखनौला हरलेला व्हिक्टर वेगनेझ होता. चांगल्या व्यवस्थेत ज्युनिअर चषक गमावूनही खेळाडू वाढत राहतो. तशी व्यवस्था नसेल तर चषक जिंकलेल्याचीही वाढ खुंटते.

(२१)
तरीही व्यवस्थेच्या यशात सगळेच सामावले जात नाहीत. लखनौला चषक उंचावणारा हरजीत सिंग टोकियोच्या संघात नव्हता. त्याच्या आयुष्यावर 'हरजीता' हा पंजाबी चित्रपट २०१८ मध्ये आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वरिष्ठ संघात मात्र त्याला पाय रोवता आले नाहीत. शूटआउटचा नायक विकास दहियाही टोकियोला नव्हता. १८ पैकी सात-आठ जण ऑलिंपिकपर्यंत पोहोचणे हे घवघवीत यशच. पण त्याचा दुसरा अर्थ असा की उरलेल्या दहा जणांसाठी वयाच्या एकविसाव्या वर्षाआधीची ती संध्याकाळ हेच शिखर ठरले.

(२२)
८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये भारताने पुन्हा ऑलिंपिक कांस्य जिंकले. कर्णधार हरमनप्रीत सिंग, प्रतिस्पर्धी स्पेन, निकाल २-१ आणि दोन्ही गोल कर्णधाराचे. स्पेनविरुद्ध २-१ हा निकाल त्याने लखनौच्या उपांत्यपूर्व फेरीतही विजयी गोल करून नोंदवला होता. आता पुन्हा एखादा ज्युनिअर संघ जिंकेल तेव्हा त्याचे कौतुक व्हावेच. मात्र त्या मुलांना पुढची पाच वर्षे किती सामने मिळणार आणि जखमी झाल्यास त्यांच्याकडे कोण पाहणार, हे होबार्टच्या संघाच्या वेळी कुणी विचारले नव्हते. ते विचारायची वेळ सत्काराच्याच दिवशी असते.