लाखोरी आणि पायांचा ताठरपणा : धानपट्टीतील एका रोगाचा इतिहास

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून अलग झाला; परंतु तेथील धानाच्या बांध्यांतील लाखोरीचा इतिहास पुष्कळ जुना आहे. कापणीपूर्वी उभ्या धानात, जमिनीत ओल असतानाच बी फेकून घ्यावयाचे हे उतेऱ्याचे पीक होय. त्यास नांगरट लागत नाही व पाण्याची ओढही ते सोसते; म्हणून इतर पिके बुडाली तरी हे हाती लागते. रोगाचे बीज या गुणातच आहे.

लाखोरी हेच प्रमुख अन्न होऊन दोन-तीन महिने लोटले की पोटऱ्यांत पेटके येतात, पाय जड होतात आणि पुढे स्नायू कायमचे ताठतात. सुश्रुतसंहितेतील ‘कलायखंज’ या व्याधीशी अभ्यासक याची सांगड घालतात. सागर भागात 1829 पासून गव्हाची पिके बुडाली, तेव्हा लोक या धान्यावर जगले व 1833 पासून तरुण माणसे पायांनी अधू होऊ लागली, अशी नोंद स्लीमन याने 1844 च्या आपल्या ग्रंथात केली आहे. 1873 मध्ये नेपल्सच्या कांतानीने या रोगास ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले.

येथे बिघाड स्नायूंचा नसून त्यांना चालना देणाऱ्या मज्जातंतूंचा असतो. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होते, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर पडतात. संवेदना मात्र बहुधा शाबूत राहते. दाण्यातील विषारी अमिनो आम्ल 1964 मध्ये वेगळे करण्यात आले. औषधांनी ताठरपणा काहीसा सैल होतो. गेलेली शक्ती परत येत नाही. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विष पुष्कळ कमी होते. परंतु दुष्काळात पाणी व सरपण हीच दुर्मिळ असतात.

महाराष्ट्रात 1961 मध्ये लाखोरीच्या विक्रीवर बंदी आली. 2011 च्या केंद्रीय नियमांतही विक्रीबंदी होती. तथापि स्वतःच्या बांधीतले खाणारा शेतकरी, किंवा रेवा भागातल्याप्रमाणे मजुरीतच हे धान्य घेणारा वेठबिगार, बाजारात येतच नव्हता. विक्रीवरील निर्बंध त्याच्या ताटापर्यंत पोहोचणार कसा? म्हणून या रोगाचे निदान वैद्याने गुडघ्यावर करावे, तसेच इतिहासकाराने धान्यरूप मजुरीच्या हिशेबावरही करावे. दुसऱ्यावाचून पहिले अपुरे होय.