प्रतिमा आणि अधिकार : मुलींशी धर्माविषयी बोलताना

मराठीच्या वर्गात धर्म आणि स्त्री हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. महानुभाव गद्य, संतांचे अभंग, एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी लेखन यांपैकी काहीही शिकवायला घेतले, तरी समोर बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या मनात एक प्रश्न उभा राहतोच : धर्मात बाईची जागा कोणती? या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एक असे की, आपल्या परंपरेने स्त्रीला देवता मानले. विद्या सरस्वतीची, धन लक्ष्मीचे, शक्ती दुर्गेची. दुसरे असे की, सगळे धर्म पुरुषांनी रचले आणि त्यांत स्त्री केवळ दासी आहे. ही उत्तरे एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतात, पण एका बाबतीत ती सारखीच आहेत. दोन्हींत स्त्री ही कोणीतरी काढलेले चित्र आहे. एकात ते चित्र पूजेचे, दुसऱ्यात करुणेचे. चित्रातल्या बाईने स्वतः काही विचारले होते काय, याची चौकशी दोन्ही उत्तरांत होत नाही.

धर्मातील स्त्रीच्या स्थानाविषयी बोलताना दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक प्रतिमेची गोष्ट : पोथ्यांत, कहाण्यांत, मूर्तींत स्त्री कशी रंगवली आहे. दुसरी अधिकाराची : पोथी कोणी वाचायची, गाभाऱ्यात कोणी जायचे, गुरू कोणी करायचा, अर्थ कोणी सांगायचा. आपण मुलींशी प्रामुख्याने पहिल्या गोष्टीविषयी बोलतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र स्त्रियांनी आग्रहाने विचारलेला प्रश्न दुसरा आहे. त्यांतल्या काही जणी तर आपल्या वर्गातल्या मुलींहूनही लहान होत्या. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा माग घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रारंभ महदाइसेपासून करावा लागतो. मराठीची आद्य कवयित्री म्हणून, ‘धवळ्यां’ची कर्ती म्हणून तिची ओळख विद्यार्थ्यांना असते. पण लीळाचरित्रात भेटणारी महदाइसा ही आधी विचारणारी आहे. ती चक्रधरांना सारखे काही ना काही विचारत असते, आणि चक्रधर तिच्या या जिज्ञासेचे कौतुक करतात. पुढे स्मृतिस्थळात तर पंथाच्या भाषेचा प्रश्नच स्त्रियांशी जोडला गेला आहे. पंडित केशोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. कारण संस्कृतात लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. मराठी ही धर्मचर्चेची भाषा का झाली, याच्या अनेक कारणांपैकी हे एक कारण ऐकणाऱ्या बायकांचे आहे. भाषेचा इतिहास शिकवताना हा प्रसंग आपण सांगतो. पण त्या म्हाताऱ्यांचा धर्मज्ञानावर हक्क आहे हे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या एका आचार्याने गृहीत धरले होते, हा त्यातला अर्थ मुलींना वेगळा करून सांगण्याजोगा आहे.

सतराव्या शतकातल्या बहिणाबाईची (1628-1700) कथा याहून अवघड आहे. वेरूळजवळच्या देवगावची ही मुलगी. तिसऱ्या वर्षी तिचे लग्न झाले, तेव्हा नवरा तीस वर्षांचा बिजवर होता. कुटुंबावर संकट आल्याने सगळे गाव सोडून फिरत फिरत कोल्हापूरला आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती जाऊ लागली, आणि दानात मिळालेल्या कपिलेचे वासरू तिच्या मागेमागे फिरू लागले. लोक बोलू लागले, तशी नवऱ्याने तिला बांधून मारहाण केली. वासरू मेले, आणि बेशुद्धीतून बाहेर येताना तिला तुकोबांचे दर्शन झाले, स्वप्नात उपदेश मिळाला. हे सारे घडले तेव्हा तिचे वय अकरा-बारा वर्षांचे होते. वेदपाठी नवऱ्याला असह्य झाली ती तिची भक्ती नव्हे. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे आणि तोही स्वतःच्या मनाने, हे त्याला सहन होईना.

बहिणाबाईने हे सर्व स्वतः अभंगांतून सांगितले आहे. वेद आणि पुराणे स्त्रीदेहाला हिताचा मानत नाहीत, मग या देहातून परमार्थ साधायचा कसा, अशी तिची सरळ तक्रार आहे. परंतु त्याच गाथेत पतिव्रताधर्माचे निरूपणही आहे. पती हाच देव असे सांगणारे अभंगही तिचेच. येथे वर्गात हमखास खळबळ उडते. मारणाऱ्या नवऱ्याला ती देव कशी म्हणते, असे मुली विचारतात. आम्हांला वाटते, या जागी शिक्षकाने घाई करू नये. ‘तो काळच तसा होता’ म्हणून तिला माफ करणे सोपे, आणि ‘ती पराभूत झाली’ म्हणून निकाल देणेही सोपे. पण गाथा सलग वाचली तर दिसते ते असे की, तिने नवरा सोडला नाही आणि गुरूही सोडला नाही. अखेर नवराच बदलला आणि कुटुंब देहूला आले. तिने पत्नीची प्रतिमा मान्य केली, पण गुरू निवडण्याचा अधिकार हातचा जाऊ दिला नाही. प्रतिमा आणि अधिकार यांतला फरक अमूर्त नाही, हे बहिणाबाईच्या आयुष्याइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

जनाबाई आणि सोयराबाई यांच्याविषयी येथे थोडक्यातच सांगतो. बाईचा जन्म मिळाला म्हणून खिन्न होऊ नये, असे एक दासी सांगते. आणि विटाळ देहातच आहे तर विटाळावेगळा देह कोणाचा, असे चोखामेळ्याची बायको विचारते. सोयराबाईच्या या युक्तिवादात जातीचा विटाळ आणि बाईपणाचा विटाळ एकाच तर्काने मोडून काढला जातो. हा दुहेरी धागा सुमारे पाच शतकांनी थेट गद्यात उमटायचा होता, आणि तो एका शाळकरी मुलीच्या हातून उमटायचा होता.

ती मुलगी म्हणजे मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातल्या, अवघ्या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त दोन भागांत प्रसिद्ध झाला. आज दलित साहित्याचा इतिहास लिहिताना आणि स्त्रीलेखनाचा इतिहास लिहितानाही या निबंधाचा उल्लेख होतो. पण उल्लेखापलीकडे त्याचा युक्तिवाद क्वचितच पाहिला जातो. मुक्ता एक साधे अनुमान मांडते. वेद आमचेच, ते आम्हीच पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात. तर मग वेदांप्रमाणे वागणे हा ब्राह्मणांचा धर्म झाला. आम्हांला धर्माचे पुस्तक पाहण्याचीही मोकळीक नाही. म्हणजे आम्ही धर्माविना आहोत. यापुढे ती देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते सांग. आणि ज्या धर्माचा अनुभव एकाने घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, अशी इच्छा व्यक्त करते.

या युक्तिवादात एकही विशेषण वाया गेलेले नाही. धर्म चांगला की वाईट, या प्रश्नापासून ती सुरुवातच करीत नाही. पुस्तक कोणाच्या हातात आहे, एवढेच ती विचारते आणि त्यावरून धर्माची व्याख्या तपासते. आणि लगेच पुढे ती बायकांच्या बाळंतपणाकडे वळते. घरावर छप्पर नाही, थंडी-पाऊस-वारा लागतो, अशा स्थितीत बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल कसे होत असतील, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असे ती वाचणाऱ्यांना सांगते. जात, स्त्रीचा देह आणि धर्मग्रंथ या तीन गोष्टी एका निबंधात एकत्र येतात. कोणत्याही सिद्धान्ताच्या मदतीवाचून येतात.

येथे एक आक्षेप विद्यार्थ्यांकडून येतो, तो टाळू नये. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचे पत्र होते. हिंदू धर्मावरची टीका छापण्यात त्याचा स्वार्थ होता. निबंधात इंग्रजी राज्याची स्तुतीही आहे. हे सगळे खरे आहे. पण कोणी छापले यावरून प्रश्न खोटा ठरत नाही. ज्या मुलीला दुसरे कोणतेही पत्र जागा देणार नव्हते, तिने मिळाली ती जागा वापरली. शिवाय तिचा निकष असा आहे की तो मिशनऱ्यांच्या धर्मालाही लावता येतो. एकाने अनुभव घ्यायचा आणि इतरांनी पाहत राहायचे, ही गोष्ट एकाच धर्मापुरती मर्यादित नाही. ही बाब सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी दुसऱ्या एका मराठी बाईच्या अनुभवाला आली. तिच्याकडे वळण्यापूर्वी ताराबाई शिंद्यांचे नाव घेतले पाहिजे.

सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरील खटला 1881 साली गाजला आणि वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर सरसकट टीका झाली. तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. ती 1882 साली पुण्यात छापली गेली. ताराबाईंचे हत्यार पुराणकथा हेच आहे. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली, हे सगळे सांगतात. मग बायकोसाठी त्या वाटेने गेलेला एक तरी नवरा कोणी ऐकला आहे काय, असे त्या विचारतात. वटपौर्णिमेची कहाणी लहानपणापासून ऐकलेल्या मुलीला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. ताराबाई कहाणी नाकारत नाहीत. तिच्यात एक जागा रिकामी आहे, तेवढीच दाखवतात. पुस्तकावर झालेल्या टीकेला जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून 1885 साली उत्तर दिले. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा प्रकाशात आणले. नव्वद वर्षे ते वर्गात नव्हते, ही गोष्टही वर्गात सांगितली पाहिजे.

त्याच 1882 साली पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, त्या आईने रमाबाईंना शिकवले. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटले. पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, त्यांनी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. आपल्याकडची चर्चा येथेच थांबते. कोणी याला मुक्ती म्हणते, कोणी द्रोह. पण रमाबाईंचा प्रश्न तेथे संपला नाही. चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, असा मुद्दा निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. माझ्या आईने किंवा मी पुरुषांना शिकवण्यास माझ्या वडिलांची आणि नवऱ्याची हरकत नव्हती, ती इंग्रजांची असावी याचे आश्चर्य वाटते, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले.

याहून महत्त्वाचा वाद त्यांच्या मुलीवरून झाला. मनोरमा 1881 साली जन्मलेली. इंग्लंडमध्ये ती दोन-चार वर्षांची होती. तिला धर्मातले काय शिकवावे आणि ते ठरवण्याचा अधिकार आईचा की मठातल्या भगिनींचा, यावर रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात मतभेद झाले. जेराल्डीनबाईंनी जपलेला हा पत्रव्यवहार 1977 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. दोघींचेही त्या मुलीवर प्रेम होते, यात शंका नाही. पण स्वतःच्या बुद्धीला जे पटले नाही ते केवळ आज्ञा म्हणून स्वीकारण्यास रमाबाई तयार नव्हत्या. वडिलांच्या धर्माला ज्या मापाने मोजले, त्याच मापाने त्यांनी नव्या धर्मालाही मोजले. पुढे त्यांनी बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली आणि ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत असावे, असा आग्रह धरला. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न केवळ ग्रंथांत राहिलेला नाही. 1956 सालचा महाराष्ट्राचा मंदिरप्रवेशाचा कायदा अस्तित्वात असूनही शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावे, यासाठी 2016 साल उजाडावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला तो चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजीअली दर्ग्याच्या मजारीपर्यंत स्त्रियांना जाऊ द्यावे, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. दोन्ही ठिकाणी स्त्रीविषयी आदराची भाषा कधीच कमी नव्हती. आदर होता, आत जाता येत नव्हते.

म्हणून मुलींशी या विषयावर बोलताना प्रतिमांची यादी पुरेशी नाही असे आम्हांला वाटते, मग ती यादी देवींची असो वा पीडितांची. आणि त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणे तर सर्वस्वी गैर आहे. मंगळागौर जागवणाऱ्या, रोजा ठेवणाऱ्या, बुद्धवंदना म्हणणाऱ्या, चर्चमध्ये गाणाऱ्या मुली एकाच बाकावर बसलेल्या असतात. महदाइसा आणि बहिणाबाई श्रद्धावानच होत्या. रमाबाई अखेरपर्यंत श्रद्धावान राहिल्या. मुक्ताने तर प्रश्न देवालाच विचारला. श्रद्धा आणि प्रश्न यांपैकी एकच निवडावे, असे या परंपरेने कधी सांगितलेले नाही. मुलींपुढे हा पेच आपणच टाकतो, बहुधा दोन्ही बाजूंच्या ठरीव उत्तरांमुळे.

करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. मुक्ताचा निबंध काही पानांचाच आहे. एका तासात तो मोठ्याने वाचून होतो. वाचणारी मुलगी लिहिणारीपेक्षा वयाने मोठी असेल. वाचून झाल्यावर शिक्षकाने अर्थ सांगायला लगेच उभे राहू नये. आपल्या घरी, आपल्या धर्मात पुस्तक कोणाच्या हातात असते आणि तोंडाकडे कोण पाहत असते, हे मुलींना आधी बोलू द्यावे.