चाकावरचं बिऱ्हाड

गेल्या हिवाळ्यात रामटेकहून नागपूरला परतताना जबलपूर रोडवरच्या एका धाब्यावर चहासाठी थांबलो. हाच तो श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग क्रमांक ४४. आवारात एक भलीमोठी मोटरहोम उभी होती. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, खिडकीला पडदे. मध्यमवयीन जोडपं पेंचचा वाघ पाहून दक्षिणेकडे निघालं होतं. धाब्यावरची पोरं गाडीसोबत सेल्फी काढत होती. मालकाने स्वतःहून वीज जोडून दिली आणि रात्रभर थांबा म्हणाला.

रस्त्याच्या पलीकडे घिसाड्यांची चार पालं होती. भाता, ऐरण, विळे-कोयत्यांचा ढीग आणि सगळं बिऱ्हाड मावेल असा एक जुना टेम्पो. त्यांच्यातला म्हातारा पाणी भरायला आला होता. मी सहज विचारलं, ‘‘चाचा, इथे किती दिवस?’’ तो म्हणाला, ‘‘उठवेपर्यंत.’’ दोन दिवसांत दोनदा कागद दाखवावे लागले होते. मोटरहोमवाल्यांना मात्र माझ्यादेखत कुणी काही विचारलं नाही.

दोन्ही बिऱ्हाडं चाकावरचीच. मग एकाला पाहुणा म्हणायचं आणि दुसऱ्याला संशयित, हे कधी आणि कसं ठरलं? त्याचा शोध घेताना मी बराच मागे गेलो.

चाकावरच्या घराचं एक सुरेख जुनं वर्णन इब्न बतूताच्या सफरनाम्यात आहे. हिंदुस्थानात येण्यापूर्वी, १३३०च्या दशकात, तो काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानातून गेला. तिथे लोक चारचाकी गाड्यांतून फिरत. गाडीवर काठ्यांचा सांगाडा, त्यावर नमद्याचं आच्छादन, बाजूला जाळीच्या खिडक्या. आतल्याला बाहेरचं दिसे, बाहेरच्याला आतलं नाही. गाडी चालू असताना आत झोपता येई, जेवता येई, लिहिता-वाचता येई, असं तो सांगतो. उझबेक खानाची छावणी तर चालतं शहरच होती. तिच्यात मशिदी होत्या, बाजार होते आणि वाटचालीतच चुली पेटलेल्या असत. इब्न बतूता याला मागासलेपण म्हणत नाही. फिरणं हीच तिथली राज्यपद्धती होती. हाच प्रवासी १३३३ मध्ये सिंधूकाठी पोचला आणि पुढे दौलताबाद, नंदुरबार या आपल्या मुलखातूनही गेला.

आपल्याकडे अशी चालती वस्ती म्हणजे बंजाऱ्यांचा तांडा. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे दख्खनभर फिरत. मुघल फौजांना रसद त्यांनीच पुरवली. आर्थर वेलस्लीच्या १८०३च्या मोहिमेतही बंजाऱ्यांचे बैल होते. त्या युद्धात अडगाव आणि गाविलगड पडला. नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करून वऱ्हाडावर पाणी सोडावं लागलं. म्हणजे इंग्रजांच्या ज्या विजयाने नागपूरचं राज्य खिळखिळं झालं, त्याच्या मागे तांड्यांची रसदही होती. तेव्हा त्यांच्या भटकण्यावर कंपनी सरकारला आक्षेप नव्हता. उलट त्याची गरज होती.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. बैलाच्या पाठीवरून महिनाभराने पोचणारा माल दोन-तीन दिवसांत येऊ लागला. तांड्याचं काम गेलं, पण तांडा उरला. ज्याच्या फिरण्याचा सरकारला आता उपयोग नव्हता, त्याच्या फिरण्याचा संशय येऊ लागला. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानासाठी गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय झाली. जमातच गुन्हेगार ठरली, म्हणजे पाळण्यातलं पोरही. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ उभी राहिली.

याच काळात एका फ्रेंच लेखकाला हिंदुस्थानातलं चाकावरचं घर सुचलं. ज्यूल व्हर्नची ‘वाफेचं घर’ ही कादंबरी १८८०ची. ती सुरू होते ६ मार्च १८६७ला, म्हणजे नागपूरला रेल्वे आली त्याच वर्षी, आणि सुरू होते औरंगाबादेत! नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास इनाम, अशी जाहिरात तिथे लागली आहे. पुढे कलकत्त्याहून एक अजब गाडी निघते. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती आणि त्यामागे चाकांवरची दोन घरं. एकात साहेब लोक, दुसऱ्यात नोकर आणि स्वयंपाकघर. प्रेक्षणीय स्थळं पाहत, वाघांची शिकार करत ही मंडळी उत्तर हिंदुस्थान पालथा घालतात आणि शेवटी जबलपूरच्या परिसरात येतात.

व्हर्नची कल्पनाशक्ती मोठीच. पण मला त्यातली एक गोष्ट खटकली. या साहेबांना कुठेही मुक्काम ठोकता येतो. त्यांचं भटकणं म्हणजे धाडस, ज्ञानाची हौस. नानासाहेबांचं भटकणं मात्र फरारीपण. आणि कादंबरी लोकप्रिय होत असताना प्रत्यक्षातल्या भटक्यांची नावं इथल्या सरकारी वहीत चढत होती.

३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा रद्द झाला. वहीतून नाव गेलं, नजरेतून गेलं नाही. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा झाला. तो जमातीवर नव्हता, माणसावर होता. तरी पालावर पहिली धाड पडण्याची जुनी सवय सुटली नाही. बंजारा समाजाने पुसदचे वसंतराव नाईक यांच्या रूपाने राज्याला अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री दिला, हे खरं. पण घिसाडी, मदारी, दरवेशी यांच्या वाट्याला असं कुणी आलं नाही. यातले मदारी आणि दरवेशी पुष्कळसे मुसलमान. मशिदीत ते शेवटच्या रांगेत असतात आणि आमच्या समाजाच्या चर्चेत तर कुठल्याच रांगेत नसतात. हा दोष सरकारचा नाही, आमचा आहे.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकावरच्या घरांना थांबायला जागा, पाणी, वीज मिळावी, असा त्याचा हेतू. धोरण चांगलं आहे. नागपूर तर देशाच्या दोन मोठ्या महामार्गांच्या चौकात वसलेलं शहर, त्याला याचा फायदाच होईल. पण धोरण वाचताना मनात आलं, थांबायला जागा, पाणी आणि वीज, एवढंच तर तो म्हातारा मागत होता. फरक इतकाच की एकाच्या मागे कुठेतरी पक्कं घर आहे, म्हणून त्याचं फिरणं हौस ठरतं. दुसऱ्याला पक्कं घरच नाही, म्हणून त्याचं फिरणं गुन्हा वाटतं.

कुरआनात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात एक आहे ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेचा पुत्र, मुसाफिर. मदरशात हा शब्द शिकलो तेव्हा डोळ्यांपुढे उंटावरचा अरब यायचा. आपल्या गावच्या रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेला माणूस कधी आला नाही. त्या आयतीत मुसाफिराचा हक्क सांगितला आहे, त्याच्या कागदांची अट नाही.

परवा त्याच रस्त्याने गेलो. मोटरहोम तर कधीच निघून गेली होती. पालंही नव्हती. चुलीचे काळे दगड तेवढे जागेवर होते. धाब्याच्या मालकाला विचारलं, ती माणसं कुठे गेली? त्याने विचारलं, ‘‘कोण, ते गाडीवाले पाहुणे?’’

मी म्हणालो, ‘‘नाही, दुसरे पाहुणे.’’

त्याला कळायला जरा वेळ लागला.