वाळलेली बाग आणि तिची चिठ्ठी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू होतात तेव्हा नांदेड-लातूरकडचे माळ पिवळे पडलेले असतात. सोयाबीन निघालेले असते, तूर अजून उभी असते आणि शाळेच्या कुंपणाशी पावसाळ्यात माजलेले रान वाळून खडखडीत झालेले असते. शाळेच्या बागेतील तेरडा, कोंबडा आणि झेंडू यांचीही तीच गत. अशा वेळी आपण मुलांच्या हाती विळे-खराटे देतो आणि हा सारा ‘कचरा’ काढून टाकतो. वनस्पतिशास्त्राचा तास हिरव्या पानांचा आणि उमललेल्या फुलांचा. वाळलेल्या झाडात शिकवण्यासारखे काय उरले, असा आपला समज असतो. विज्ञानाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. वनस्पतींचे वर्गीकरण मोठ्या प्रमाणावर वाळलेल्या नमुन्यांवर उभे राहिले आणि छायाचित्रणकलेनेही आपले पहिले धडे गिरवले ते झाडांच्या पानांवर.

झाड कागदात दाबून वाळवण्याची आणि ते जपून ठेवण्याची रीत सोळाव्या शतकात इटलीमध्ये रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः पिसा येथील अध्यापक लुका घिनी यांना दिले जाते. विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती दाखवायच्या, पण थंडीत बाग ओस पडलेली. यावर उपाय म्हणून वाळलेल्या वनस्पतींचे संग्रह उपयोगी पडू लागले. अशा संग्रहाला लॅटिनमध्ये ‘हॉर्टस सिकस’ म्हणत. म्हणजे वाळलेली बाग. घिनी १५५६ साली वारले. त्यांचा स्वतःचा संग्रह आज उरलेला नाही, पण त्यांच्या शिष्यांनी ही पद्धत युरोपभर नेली. आज आपण ज्याला हर्बेरियम म्हणतो ते याच बागेचे रूप होय. जाड कागदावर चिकटवलेली वनस्पती आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी : नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. ही चिठ्ठी नसेल तर त्या कागदाचे शास्त्रीय मोल जवळजवळ नाहीसे होते.

आता कॅमेऱ्याकडे वळू. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३९ साली आपले ‘प्रकाशरेखन’ जाहीर केले. चांदीच्या क्षाराने संवेदनशील केलेल्या कागदावर पान किंवा लेस ठेवायची आणि तो उन्हात धरायचा. उघडा भाग काळवंडतो, झाकलेला पांढरा राहतो. पुढे १८४२ साली जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांवर आधारलेली, निळ्या रंगाचे चित्र देणारी पद्धत शोधून काढली. तिचा उपयोग ॲना ॲटकिन्स या बाईंनी केला. वाळवून दाबलेली समुद्रशेवाळे त्यांनी अशा कागदांवर ठेवली आणि १८४३ पासून त्या निळ्या ठशांचे पुस्तक भागाभागांनी काढले. छायाचित्रांनी सजलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. शेवाळाचे तंतू इतके नाजूक की हाताने त्यांचे चित्र काढणे अवघड. म्हणून त्यांनी सूर्याला कामाला लावले. यात कॅमेरा कुठेच नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे अनेक वर्षे अभियंत्यांचे निळे आराखडे याच पद्धतीने निघत.

वाळलेल्या वनस्पतींचे सौंदर्य कॅमेऱ्याने जगाला दाखवले ते एका शिक्षकाने. कार्ल ब्लॉसफेल्ट यांचा जन्म १८६५ सालचा, जर्मनीतला. लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केलेले हे गृहस्थ पुढे बर्लिनच्या कलाशाळेत शिकवू लागले. वनस्पतींच्या आकारांवरून जाळीकाम, कठडे, नक्षी यांची रचना कशी करावी हा त्यांचा विषय. वर्गात सर्वांना दिसावे म्हणून ते बोंडे, देठ, कोंब अनेक पटींनी मोठे करून छायाचित्रित करीत. झाडे आणायची ती रस्त्याच्या कडेची, पडीक जागेतली. पार्श्वभूमी साधी, प्रकाश सौम्य. ही चित्रे तीस वर्षे केवळ शैक्षणिक साधने होती. १९२८ साली त्यांतील १२० चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्रेसष्टाव्या वर्षी हा कलाशिक्षक जगप्रसिद्ध झाला. सुकलेल्या बोंडात लोकांना मंदिराचा कळस आणि लोखंडी जाळी दिसू लागली. पुस्तकात चित्राखाली वनस्पतीचे नाव आहे, ती किती पट मोठी केली तेही आहे. ती कुठे आणि कधी मिळाली, हे मात्र नाही. कलाशिक्षकाला त्याची गरज नव्हती.

आपल्या भागात गोष्ट उलट झाली. इथे चिठ्ठी आली, पण तीही उशिराने. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. शेजारच्या सोलापूर-नगरच्या वनस्पती त्यात आल्या. नांदेड, लातूर, परभणी हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिला. वनस्पतींना सरहद्द कळत नाही, पण वनस्पतींच्या यादीला ती असते! मराठवाडा १९४८ साली मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, आणि ही उणीव भरून काढण्याचे काम पुढे येथील प्राध्यापकांनी हाती घेतले. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठातील डॉ. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ साली निघाला. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. तेव्हा आजच्या लातूरची झाडे त्या ग्रंथात शोधावी लागतात. १९९८ साली त्यांचा संपूर्ण मराठवाड्यावरचा ग्रंथ आला. अशा ग्रंथातील प्रत्येक ओळीमागे कुणीतरी उन्हात फिरून आणलेला, वर्तमानपत्राच्या घडीत दाबलेला एक वाळका नमुना असतो.

चिठ्ठीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गाजर गवत आज मराठवाड्यातील प्रत्येक बांधावर आहे. ते पुण्यात आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, म्हणून त्याच्या प्रसाराचा हिशोब मांडता येतो. ते आपल्या तालुक्यात कधी पोहोचले, हे सांगायचे तर तारीख लिहिलेला नमुनाच हवा. आठवणीवर विसंबून चालत नाही.

मग नमुना असताना छायाचित्र कशाला? कारण दाबलेले झाड चपटे होते. पेटारीचे (हिला काही जण मुद्रा म्हणतात) दातेरी चाकासारखे फळ, कपाळफोडीचा कागदी फुगा, विंचवाच्या फळाचे दोन वाकडे नखरे, रुईच्या उकललेल्या फळातून निघणाऱ्या म्हाताऱ्या, या सर्वांची खरी रचना त्रिमिती आहे. दाबताना नेमकी तीच नाहीशी होते. ही रचना शोभेची नसते. ती यंत्रणा असते. कुसळी गवताचेच पाहा. त्याच्या दाण्याला एक लांब, पीळ पडलेले कुसळ असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो आणि या उलटसुलट फिरण्याने टोकदार दाणा मातीत शिरतो. कुसळातील पेशी मेलेल्या असतात; तरीही त्यांच्या भित्तिकांतील तंतूंच्या मांडणीमुळे काम चालू राहते. वाळणे हा झाडाचा शेवट नसून त्याच्या कामाचा एक टप्पा आहे, हे मुलांना सांगून पटत नाही. एकाच कुसळाची कोरडे असतानाची आणि ओले केल्यानंतरची अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की लगेच पटते.

येथे माझीच एक चूक सांगतो. विद्यार्थिदशेत कार्तिकातल्या एका सहलीत आम्ही किनवटकडच्या माळांवर हिंडलो. माझ्याजवळ मागून आणलेला कॅमेरा होता. छत्तीस चित्रांचे अख्खे रीळ मी वाळक्या गवतांवर संपवले. उतरत्या उन्हात ती तुसे सोन्यासारखी दिसत होती. सोबतचा मित्र तेवढ्या वेळात गवते उपटून कागदांत घालत होता आणि शिसपेन्सिलीने चिठ्ठ्या लिहीत होता. शाई ओलीने पसरते, म्हणून शिसपेन्सिल. त्याचे मला हसू आले होते. पुढे पंधरा वर्षांनी एका अभ्यासात त्यातल्या एका माळावरच्या गवतांची माहिती हवी होती. तोवर तो माळ नांगरला गेला होता. माझी छत्तीस चित्रे सुंदर होती, पण कोणते चित्र कुठल्या माळावरचे, हे मला सांगता येईना. मित्राचे बारा कागद मात्र कामी आले.

हे सारे आज एकत्र करणे सोपे झाले आहे, कारण कॅमेरा बहुतेक शिक्षकांच्या खिशातल्या फोनमध्येच आहे. सकाळी आठच्या आत, वारा पडलेला असताना तिरप्या उन्हात चित्र घ्यावे. मागे काळे कापड किंवा घोंगडी धरली की बारीक केससुद्धा उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवावी. एक चित्र संपूर्ण झाडाचे, एक फळाचे, एक बीचे. मग त्याच झाडाची एक फांदी वर्तमानपत्रात दाबावी आणि चिठ्ठी लिहावी : स्थानिक नाव, गाव, शेत की माळ की कुंपण, तारीख, कोणी गोळा केले. चित्राचा क्रमांकही तिच्यावर घालावा. फोन तारीख-वेळ आपोआप नोंदवतो, पण चित्र व्हॉट्सॲपवरून पुढे धाडले की ती माहिती बहुधा गळून पडते. म्हणून कागदावर लिहिलेले बरे.

एका वर्गाने एका हंगामात तीस झाडे नोंदवली आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच जागी पुन्हा पाहिले, तर पाच वर्षांत त्या गावाचा असा इतिहास तयार होईल, जो कोणत्याही ग्रंथात नाही. कुंपणाशी कोणते झाड नव्याने आले आणि कोणते दिसेनासे झाले, हे त्यातून कळेल. तेव्हा या वर्षी दिवाळीनंतर खराटे बाहेर काढण्याआधी मुलांना एक दिवस त्या वाळलेल्या बागेत सोडावे. शिसपेन्सिली द्यायला विसरू नये.